कापायचं की शिवायचं? १९ वर्षांच्या रेडरच्या गुडघ्यातली फाटलेली गादी

(ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाबी आहेत तशाच ठेवल्या आहेत.)

वय १९, कॉलेजचं दुसरं वर्ष, जिल्ह्याच्या महिला कबड्डी संघात रेडर. तक्रार एकच, उजवा गुडघा सरळ होत नाही. टेबलावर उताणं झोपवून दोन्ही टाचा हातात धरल्या, तर डावा पाय सपाट टेकत होता आणि उजव्या गुडघ्याखालून माझी मूठ सहज जात होती. शेवटचे सुमारे २५ अंश उघडतच नव्हते. जोर लावला की गुडघा थोडा खाली जायचा आणि उसळून परत जागेवर यायचा. नुसत्या दुखण्यानं किंवा मांडीमागच्या स्नायूच्या आखडण्यानं गुडघा असा अडत नाही. आत काहीतरी अडकलेलं होतं.

सुरुवात दोन महिने आधीची. सरावात बोनस मारून मागे फिरताना पाय मॅटवर रोवला गेला आणि अंग वळलं. आत ‘कट्’ असा आवाज झाला. तिनं ती चढाई पूर्ण केली, सराव संपवून लंगडत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला होता. सूज किती वेळानं आली हे मी प्रत्येक खेळाडूला विचारतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीशी बांधून ठेवणारा पुढचा लिगामेंट, तुटला की गुडघा बहुधा दोन-तीन तासांतच टम्म फुगतो. मेनिस्कसच्या, म्हणजे गुडघ्यातल्या गादीच्या, दुखापतीत सूज बरेचदा सावकाश, रात्रभरात चढते. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी गावातल्या जाणकाराकडे नेलं. त्यांनी पाय ओढला, खट् झालं आणि गुडघा सरळ झाला. सगळ्यांना वाटलं, बसला. तीन आठवड्यांनी ती पुन्हा मॅटवर होती. मग एके दिवशी कपडे धुऊन उकिडवं बसलेली उठताना गुडघा पुन्हा अडकला, तो उघडलाच नाही. अशा अवस्थेत बारा दिवस चवड्यावर चालल्यावर ती माझ्याकडे आली.

अडकलेला गुडघा ओढून सुटतो हे खरं आहे, पण सुटला म्हणजे जुळला असं होत नाही. तुकडा जागेवर सरकतो, फाट तशीच राहते. आणि प्रत्येक अडकण्यात तो तुकडा चेपला जातो, त्याची कड झिजते, आकार बिघडतो. शिवण्याजोगी गादी न शिवण्याजोगी होते ती बहुतेक वेळा अशाच मधल्या काळात. म्हणून प्रशिक्षकांना कळकळीनं सांगणं आहे की, खेळाडूचा गुडघा सरळ होत नसेल तर पुढच्या सामन्याचा विचार नंतर, त्याच आठवड्यात एमआरआय.

तिचा एसीएल तपासणीत घट्ट होता. सांध्याच्या आतल्या बाजूच्या रेषेवर बोट ठेवताच ती कळवळली. एक्स-रे स्वच्छ. एमआरआयमध्ये पीसीएलच्या (एसीएलच्या मागच्या लिगामेंटच्या) खाली त्याला समांतर आणखी एक काळा पट्टा दिसत होता, जणू दोन पीसीएल आहेत. तो दुसरा पट्टा म्हणजे आतल्या मेनिस्कसचा फाटून गुडघ्याच्या मधोमध जाऊन पडलेला तुकडा. या फाटीला बकेट हँडल टेअर म्हणतात. मेनिस्कस कडेला समांतर, लांबवर उभा फाटतो, दोन्ही टोकांना जोडलेला राहतो आणि मधला भाग बादलीच्या कडीसारखा उलटून पडतो.

गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या, कडेला जाड आणि आत पातळ होत जाणाऱ्या. मांडीच्या हाडाचं टोक गोल, नडगीचा माथा जवळजवळ सपाट. मधली फट या गाद्या भरून काढतात आणि वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवतात. वजन पडलं की मेनिस्कस बाहेर ढकलला जातो, पण त्याचे गोलाकार धावणारे तंतू ताणले जाऊन त्याला धरून ठेवतात. त्या तंतूंचा ताण शाबूत असेल तरच गादी काम करते.

एकेकाळी हे कोणाला पटत नव्हतं. १८९७ मध्ये ब्लंड-सटन या इंग्रज शल्यचिकित्सकानं मेनिस्कसला पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरवलं होतं आणि त्यानंतरची कित्येक दशकं फाटलेली गादी सरसकट पूर्ण काढली जात असे. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे पुढच्या काळातले एक्स-रे मांडले. सांध्याची फट अरुंद झालेली, मांडीच्या हाडाचं टोक चपटं झालेलं, कडेला हाड वाढलेलं. १९८६ मध्ये बारात्झ आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजमाप केलं, तेव्हा आतला मेनिस्कस पूर्ण काढल्यावर हाडांचा एकमेकांशी संपर्क ७५ टक्क्यांनी घटला आणि सर्वाधिक दाब २३५ टक्क्यांनी वाढला. फक्त फाटलेला भाग काढला तरी दाब ६५ टक्क्यांनी वाढला. एवढा तुकडा काढल्यानं काय होतंय, असं कोणी म्हणालं की मी हा शेवटचा आकडा सांगतो.

नातेवाइकांशी बोलणं झालं ते सगळे समोर असताना. वडील, मामा आणि तिचे प्रशिक्षक.

“डॉक्टरसाहेब, तुकडा काढून टाकला तर पोरगी कधी खेळेल?” वडिलांनी विचारलं.

“सहा ते आठ आठवड्यांत.”

“आणि शिवला तर?”

“सहा महिने. कदाचित थोडे जास्तच.”

राज्य संघाची निवड चाचणी तीन महिन्यांवर होती. प्रशिक्षक काही बोलले नाहीत, पण त्यांचा कल कळत होता आणि मला तो चुकीच्या हेतूचा वाटला नाही. खेळातून नोकरी लागलेल्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या. एक हंगाम गेला की काय जातं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

या प्रकरणातली खरी अडचण अशी होती की तिचा एसीएल शाबूत होता. एसीएलही तुटला असता तर त्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने थांबावंच लागलं असतं आणि त्या मुदतीत मेनिस्कसचे टाकेही भरून आले असते, कोणाला काही सोडावं लागलं नसतं. शिवाय एसीएलसाठी हाडात बोगदे पाडले जातात, त्यांतून अस्थिमज्जेतलं रक्त सांध्यात उतरतं आणि टाके भरायला मदत होते असं मानलं जातं. एकट्या मेनिस्कसच्या दुरुस्तीला हा फायदा मिळत नाही. म्हणजे वेळ जास्त द्यायचा आणि यशाची खात्री तुलनेनं कमी.

मग ती स्वतः बोलली. “सर, शिवला आणि परत फाटला तर?”

हा प्रश्न रुग्णानं विचारावाच आणि त्याचं उत्तर गुळमुळीत असू नये. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांची २०१२ मध्ये एकत्र छाननी झाली, तेव्हा टाके निकामी होण्याचं प्रमाण २२ ते २४ टक्के निघालं आणि शिवण्याच्या पद्धतीनुसार त्यात फारसा फरक नव्हता. मी तिला हेच सांगितलं. चार-पाच जणांत एकाचं पुन्हा बिघडतं. तसं झालं तर दुसरी शस्त्रक्रिया, आणि तेव्हाही बऱ्याचदा न जुळलेला भागच काढावा लागतो, बाकीचा राहतो. आज काढला तर मात्र तो परत आणता येत नाही. दात्याच्या मेनिस्कसचं रोपण होतं, पण ते निवडक रुग्णांसाठी आणि तरुणपणी गादी गमावल्यावरचा पुढचा उपाय म्हणून. तुझं वय १९ आहे, पस्तिशीत तुला हाच गुडघा वापरायचा आहे, हे वाक्यही मी बोललो. माझं मत शिवण्याच्या बाजूचं आहे हे लपवलं नाही. सही तिची होती, वडिलांची नव्हे. तिनं एक रात्र मागून घेतली आणि सकाळी शिवायला होकार दिला.

संमतिपत्रात दोन्ही शक्यता लिहिल्या. आत गेल्यावर तुकडा कुजकट निघाला, रक्त न पोहोचणाऱ्या पांढऱ्या भागातच फाट असली, तर काढावा लागेल. शेवटचा निर्णय दुर्बीण आत गेल्यावरच होतो.

याच भेटीत मामांनी पिशवीतून स्वतःचा एमआरआय काढला. वय ५४, अहवालात तेच शब्द, आतल्या मेनिस्कसला फाट. “मग माझीही शिवून टाका.” त्यांची फाट दुखापतीची नव्हती. वयानुसार झिजत गेलेल्या गादीतली आडवी चीर होती, गुडघा अडकत नव्हता. अशा फाटीसाठी फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांनी १४६ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा फाटलेला भाग काढला, उरलेल्यांवर फक्त शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षभरानं दोन्ही गटांत फरक नव्हता. मामांना मांडीच्या स्नायूचे व्यायाम, वजन थोडं कमी करणं आणि गरजेपुरती गोळी एवढंच दिलं. अहवालातला शब्द एकच असला तरी त्यावरून उपचार एकच ठरत नाही.

आता शस्त्रक्रिया. कमरेतून भूल, मांडीला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा). दुर्बीण आत जाताच तुकडा समोरच होता, दोन हाडांच्या मधल्या खाचेत, थोडा सुजलेला पण अखंड. गुडघा बाहेरून दाबून आतली फट उघडली, पण तिची फट फार अरुंद होती. अशा वेळी अवजार जबरदस्तीनं घातलं की हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खरवडते, आणि खरवडलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणून आतल्या बाजूच्या लिगामेंटला कातडीवरून सुईनं काही बारीक छिद्रं पाडली. ते किंचित सैल होतं, दोन-तीन मिलिमीटर जागा मिळते आणि ब्रेसमध्ये काही आठवड्यांत पुन्हा घट्ट होतं. मग बोथट हुकानं तुकडा मागे ढकलला आणि तो सरकून जागेवर बसला. गुडघा त्याच क्षणी पूर्ण सरळ झाला.

पुढची पाच मिनिटं नुसतं पाहण्याची. मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो. १९८२ मध्ये अर्नोक्झकी आणि वॉरन यांनी दाखवलं की आतल्या मेनिस्कसच्या रुंदीपैकी कडेच्या जेमतेम १० ते ३० टक्के भागातच रक्तवाहिन्या पोहोचतात. फाट कडेपासून तीन मिलिमीटरच्या आत असेल तर जुळण्याची आशा उत्तम, पाचच्या पलीकडे असेल तर फार कमी. तिची फाट मागे आणि मध्यावर कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर होती, पुढे येताना थोडी आत सरकली होती. तुकड्याची कड एका ठिकाणी विसविशीत झाली होती, तेवढे धागे कापले. शिवायचं ठरलं.

टाके घालण्याआधी फाटीच्या दोन्ही कडा बारीक रंध्यानं घासून घेतल्या. दोन महिन्यांत कडांवर गुळगुळीत पापुद्रा धरतो, तो तसाच ठेवून शिवलं तर दोन कडा शेजारी राहतात, एकजीव होत नाहीत. मला हे काम टाक्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. घाईत तेच आधी वगळलं जातं.

शिवण्याच्या तीन पद्धती आहेत आणि तिच्या एकाच गुडघ्यात तिन्ही वापराव्या लागल्या.

मधल्या मोठ्या भागासाठी इनसाइड-आउट, म्हणजे आतून बाहेर. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जरा मागे, तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतला. सॅफेनस ही संवेदना नेणारी नस सांभाळून स्नायू मागे सारले आणि सांध्याचं आवरण व पोटरीचा स्नायू यांच्यामध्ये चमच्याच्या आकाराचा रिट्रॅक्टर ठेवला. मग समोरून वाकलेल्या नळीतून लांब, लवचीक सुई मेनिस्कसमधून आवरणापलीकडे गेली. सहायकानं ती रिट्रॅक्टरवर टिपकन पकडून ओढून घेतली. त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाची सुई कडेच्या बाजूनं गेली आणि टाका उभा पडला. उभा टाका महत्त्वाचा, कारण मेनिस्कसचे मुख्य तंतू गोलाकार धावतात आणि उभा टाका त्यांची मोळी कवेत घेतो. आडवा टाका दोन तंतूंच्या मधून चिरत जाऊ शकतो. असे पाच टाके, चार-पाच मिलिमीटर अंतरानं, एक वरच्या पृष्ठभागावर तर पुढचा खालच्या. सगळे वरूनच घातले की गादी वर मुडपते. गाठी आवरणाच्या बाहेर, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून मारल्या. वाकलेल्या स्थितीत मारल्या तर आवरण चुणीत सापडतं आणि नंतर गुडघा पूर्ण उघडत नाही.

मागच्या टोकाला ऑल-इनसाइडचे दोन टाके. तिथं आतून बाहेर सुई पाठवली तर ती गुडघ्यामागच्या मोठ्या रक्तवाहिनी आणि नसेच्या दिशेनं जाते. या पद्धतीत अवजाराच्या टोकाशी दोन छोटे अँकर असतात, खोलीची मर्यादा आधी लावलेली असते, अँकर आवरणामागे बसतात आणि सरकती गाठ आतूनच आवळली जाते. बाहेर छेद लागत नाही.

पुढच्या टोकाला यांपैकी कोणतंच अवजार नीट वळत नाही. तिथं बाहेरून आत. कातडीतून साधी पोकळ सुई, तीतून धागा, शेजारून दुसरी सुई आणि फासा, मग धागा बाहेर ओढून आवरणावर गाठ. एक टाका पुरला.

मग सगळं ऑल-इनसाइडनंच का नाही केलं, असा प्रश्न मला तरुण सहकारी विचारतात. वेळ वाचतो, जखम लहान. पण बकेट हँडलला सात-आठ टाके लागतात, प्रत्येक अवजार हजारो रुपयांचं, आणि ते बिल शेतकऱ्याच्या घरात जातं. पैशाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी लांब फाटीत बारीक सुईचे, हवे तिथे, हवे तेवढे उभे टाके घालण्याची मोकळीक इनसाइड-आउट देतं. जाड टोकाच्या अवजारानं मेनिस्कसला छिद्रही मोठं पडतं. अमेरिकेत चार्ल्स हेनिंग यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत जुनी म्हणून टाकून देण्यासारखी नाही, ती शिकलीच पाहिजे. शिवण्याची कल्पना तर आणखी जुनी आहे. एडिंबरामध्ये थॉमस अॅनंडेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराचा मेनिस्कस गुडघा उघडून शिवला होता, ब्लंड-सटन त्याला निरुपयोगी म्हणाले त्याच्या चौदा वर्षं आधी.

एसीएलच्या शस्त्रक्रियेत बोगद्यांतून जे रक्त मिळतं, त्याची उणीव शेवटी थोडी भरून काढली. मधल्या खाचेच्या भिंतीत, कूर्चेपासून दूर, टोच्यानं चार छिद्रं पाडली. पाण्याचा दाब कमी केला तसे त्यांतून रक्त आणि मज्जेतल्या चरबीचे पिवळट थेंब येताना दिसले. ते सांध्यात राहू दिले.

टाके घातले तेव्हा काम अर्धं झालं होतं. उरलेलं अर्धं तिच्या घरी व्हायचं होतं. सहा आठवडे ब्रेस. चालताना तो सरळ लॉक केलेला, सोबत कुबड्या, आणि सरळ पायावर थोडं थोडं वजन द्यायला परवानगी. उभ्या फाटीत सरळ गुडघ्यावर पडणारं वजन तुकड्याला कडेकडे दाबतं, त्यामुळे ते चालतं. फाट आडवी छेदणारी असती किंवा मुळातून सुटलेली असती तर सहा आठवडे पाय टेकवूच दिला नसता. बसल्या बसल्या वाकवायचं ते ९० अंशांपर्यंतच. मांडीमागच्या स्नायूला जोर नाही, कारण त्यांतल्या एकाची पकड थेट मेनिस्कसच्या मागच्या टोकावर असते.

आपल्याकडे याचा अर्थ फार व्यवहारी असतो. चार महिने मांडी नाही, उकिडवं नाही, जमिनीवरचं अंथरूण नाही. घरातला संडास भारतीय पद्धतीचा होता, वडिलांनी मेडिकलमधून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. जेवण खुर्चीवर, देवापुढे बसणं बंद. डिस्चार्जच्या कागदावर ‘फ्लेक्शन ९० अंशांपर्यंत’ असं लिहून हे घडत नाही. मी आईला बोलावून एकेक गोष्ट विचारली. कुठे झोपते, कुठे अंघोळ करते, कपडे कोण धुतं. बकेट हँडल दुसऱ्यांदा अडकला होता तो कपडे धुतानाच.

गुडघ्याखाली आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा बधिर राहिली होती, ती हळूहळू लहान होत गेली. सूज चौथ्या आठवड्यात उतरली. दहाव्या आठवड्यात मात्र ती घाबरून आली. चुलत बहिणीच्या हळदीला फोटोसाठी पाटावर मांडी घालून बसली आणि उठताना टक् झालं. तपासलं. सूज नव्हती, गुडघा पूर्ण सरळ होत होता, सांध्याच्या रेषेवर किंचित दुखत होतं. वडिलांना लगेच एमआरआय हवा होता. मी थांबवलं. शिवलेल्या मेनिस्कसमध्ये जुनी फाट चांगली जुळल्यावरही बरेच महिने पांढरी रेघ दिसत राहते, त्या चित्रावरून निर्णय घेता आला नसता, भीती मात्र वाढली असती. दोन आठवडे पुन्हा ९० अंशांची मर्यादा, व्यायाम हलके. दुखणं गेलं आणि परत आलं नाही.

निवड चाचणी या काळात होऊन गेली. ती प्रेक्षकांत बसून आली. मला नंतर प्रशिक्षकांकडून कळलं. त्यांनी तिला संघाच्या प्रत्येक सरावाला बोलावणं चालूच ठेवलं होतं, खुर्चीवर बसून चढायांची नोंद ठेवायला. फिजिओथेरपीइतकाच याचा उपयोग झाला असं माझं मत आहे. एकटी पडलेली खेळाडू व्यायाम सोडते.

चौथ्या महिन्यानंतर सरळ रेषेत धावणं. पाचव्या महिन्यात तिला वाटत होतं की गुडघा तयार आहे, पण एका पायावरच्या लांब उडीत उजवा डाव्याच्या ८० टक्क्यांच्या आसपासच पोहोचत होता आणि मांडीचा घेर अजून कमी होता. ९० टक्क्यांशिवाय मॅटवर नाही, हे आधीच ठरलं होतं. ते गाठायला सातवा महिना उजाडला. मग आधी एकटीनं वळणं, नंतर ठरवून केलेली पकड, शेवटी खरी चढाई.

वर्षाच्या तपासणीत गुडघा पूर्ण सरळ होतो, मांडी घालता येते, सांध्याच्या रेषेवर दुखत नाही, मॅकमरे चाचणीत (गुडघा वाकवून, वळवून मेनिस्कस तपासतात ती) आवाज नाही. तिनं पुढचा हंगाम खेळला. टाके निकामी होण्याचा पाच वर्षांचा तो आकडा तिला ठाऊक आहे आणि तिची त्यातली चार वर्षं अजून जायची आहेत. दर वर्षी तपासणी आणि उभं राहून काढलेला एक्स-रे ठरला आहे. मधल्या काळात गुडघा अडकला तर ओढायचा नाही, त्याच दिवशी फोन करायचा, हे तिच्याबरोबर आता तिच्या संघातल्या मुलींनाही सांगून ठेवलं आहे.